आठवणींचा सांभाळ

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण मराठी घरांत पिढ्यानपिढ्या वापरली गेली आहे. तिच्या जोडीला ‘म्हातारचळ’ हा शब्दही आहेच. घरातील वृद्ध व्यक्ती तेच ते विचारू लागली, ताटावरून उठताच ‘मला कोणी जेवायला वाढले नाही’ अशी तक्रार करू लागली, रोजच्या रस्त्यावर वाट चुकू लागली, की या दोन शब्दांत तिची वासलात लावली जाते. म्हणीत विनोद आहे खरा. परंतु तिने नुकसानही पुष्कळ केले आहे. वय झाले म्हणजे बुद्धी जाणारच, असे एकदा गृहीत धरले की उपचाराचा विचार कोणाच्या मनातही येत नाही.

वार्धक्यातील विसराळूपणा आणि स्मृतिभ्रंश या भिन्न गोष्टी आहेत. चहात साखर घातली की नाही हे न आठवणे हा विसराळूपणा होय. आयुष्यभर चहा केलेल्या स्त्रीला तो कसा करतात हेच न उमगणे हे रोगाचे लक्षण असू शकते. जर्मन वैद्य आलोइस आल्झायमर यांनी 1906 साली ज्या स्त्रीच्या आजाराचे वर्णन सहकाऱ्यांपुढे मांडले, ती ऑगस्ट डेटर 1901 मध्ये रुग्णालयात दाखल झाली तेव्हा अवघी 51 वर्षांची होती आणि साठी न पाहताच ती वारली. तिच्या मेंदूच्या तपासणीतून ज्या रोगाची ओळख पटली, त्याला 1910 पासून आल्झायमरचे नाव मिळाले. स्मृतिभ्रंशाचे ते सर्वांत मोठे कारण होय. मेंदूचा रक्तपुरवठा खंडित होणे हे आणखी एक कारण.

2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीच्या अंदाजानुसार भारतातील साठ वर्षांवरील व्यक्तींपैकी 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण अधिक आढळले. म्हणजे जेथे तज्ज्ञ डॉक्टर कमी, तेथेच रुग्ण अधिक.

हे काम एकट्या डॉक्टरचे नव्हे, हे येथेच लक्षात येते. डॉक्टर रुग्णाला दहा मिनिटे पाहतो. त्या दहा मिनिटांत आजोबा अगदी नीटनेटके बोलतात आणि रात्री दोन वाजता ‘मला कचेरीत जायचे आहे’ म्हणून दार उघडू लागतात. ते दोन वाजताचे आजोबा फक्त सुनेने पाहिलेले असतात. म्हणून चांगल्या शुश्रूषेत डॉक्टर, परिचारिका, मानसशास्त्रज्ञ, व्यायाम शिकविणारा भौतिकोपचारतज्ज्ञ, समाजकार्यकर्ता आणि घरी जाणारी प्रशिक्षित कार्यकर्ती या सर्वांच्या बरोबरीने घरच्या माणसाचेही म्हणणे ऐकले जाते. निदान करतानाच याचा उपयोग होतो. बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड ग्रंथीचे मंदावणे, पडल्यानंतर डोक्यात साचलेले रक्त, काही औषधांचा दुष्परिणाम यांमुळेही स्मृतिभ्रंशासारखी अवस्था येते आणि ती वेळीच ओळखली तर बहुधा सुधारते. नैराश्याचेही तसेच आहे. खिन्न वृद्ध ‘मला काही आठवत नाही’ असे म्हणून गप्प बसतो आणि घरचे त्याला म्हातारचळ समजतात.

अशा सामूहिक शुश्रूषेचा एक उत्तम प्रयोग गोव्यात झाला. जगातील स्मृतिभ्रंशाचे सुमारे 66 टक्के रुग्ण विकसनशील देशांत असूनही त्यांच्याविषयीचे संशोधन मात्र 10 टक्क्यांहून कमी, या विसंगतीवरून ‘10/66’ असे नाव घेतलेला एक आंतरराष्ट्रीय संशोधकगट आहे. या गटाशी निगडित राहून डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातील 81 कुटुंबे निवडली. त्यांपैकी 41 कुटुंबांकडे गृहशुश्रूषा सल्लागार नियमितपणे जात. हे सल्लागार डॉक्टर नव्हते, परिचारिकाही नव्हते; स्थानिक भाषा जाणणाऱ्या, बेताचे शिक्षण झालेल्या आणि या कामाचे प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्ती होत्या. आजार काय आहे, आंघोळीला नकार देणाऱ्याशी कसे बोलावे, संशय घेणाऱ्याशी वाद का घालू नये, कोणत्या सरकारी योजनेसाठी अर्ज करता येतो, हे त्या समजावून सांगत. गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञ औषध देई. सहा महिन्यांच्या या प्रयोगाचे निष्कर्ष 2008 साली प्रसिद्ध झाले. रुग्णांचा रोग बरा झाला नाही, तो होणारही नव्हता; परंतु त्यांची काळजी घेणाऱ्यांचे मनःस्वास्थ्य स्पष्टपणे सुधारले. रोग्याइतकीच रोग्याचे करणारी व्यक्तीही खचते, ही साधी गोष्ट वैद्यकशास्त्राने मोजून दाखविली, हे या प्रयोगाचे मोल होय.

पुढे गोव्यातच साठीपुढील 181 व्यक्तींवर दुसरा प्रयोग झाला. सौम्य लक्षणे असलेल्यांना पूर्ण नैराश्य येण्याआधीच सामान्य समुपदेशकांनी अडचणी सोडविण्याची रीत आणि झोपेच्या चांगल्या सवयी शिकविल्या. वर्षभरात त्यांच्यापैकी सुमारे 4 टक्क्यांना नैराश्य आले. हे साहाय्य न मिळालेल्यांत ते प्रमाण 14 टक्क्यांच्या वर होते.

रायपूरकडे या दृष्टीने पाहिले तर चित्र संमिश्र दिसते. तेथे 2012 पासून अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आहे. वृद्धांच्या आरोग्यसेवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात दहा खाटांच्या कक्षाची तरतूद आहे. छत्तीसगडने 2002 च्या सुमारास उभारलेली मितानिनींची फळी तर गावोगावच्या दारांपर्यंत पोहोचते. ‘मितान’ म्हणजे विधिपूर्वक जोडलेला स्नेही. मितानिन ही तशी सखी. गोव्यातील सल्लागारांचे काम पाहिले की या सखीची आठवण होणे स्वाभाविक आहे. मात्र तिच्याकडे माता-बालकांची कामे आधीच पुष्कळ आहेत. आणखी एक ओझे तिच्या खांद्यावर टाकायचे तर प्रशिक्षण, मोबदला आणि तिच्या पाठीशी उभा राहणारा डॉक्टर या तिन्हींची व्यवस्था आधी हवी.

रायपूरच्या मराठी कुटुंबांपुढे भाषेचीही अडचण येते. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून मराठी माणसे छत्तीसगडात स्थायिक होत आली. रायपुरात त्यांचे महाराष्ट्र मंडळही आहे. घरातील नातवंडे हिंदीत बोलतात, आजीही आयुष्यभर बाजारात हिंदी बोललेली असते. परंतु स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा आधी विरू लागते आणि लहानपणीची टिकून राहते, असे अनेकदा आढळते. मग आजी मराठीत पाणी मागते आणि पगारी सेविकेला ते कळत नाही. परीक्षेतही हाच घोटाळा होतो. स्मृती तपासण्याच्या एका प्रसिद्ध चाचणीत वाक्य लिहावे लागते. ज्याने लेखणीच धरली नाही तो तेथे विनाकारण नापास होतो. हरियाणातील बल्लभगढ येथे खेड्यांतील निरक्षर वृद्धांसाठी या चाचणीचे हिंदी रूप तयार केले गेले, ते याचसाठी. तिचे निष्कर्ष 1995 साली प्रसिद्ध झाले. निरक्षरता म्हणजे बुद्धिमांद्य नव्हे, हे त्या अभ्यासकांनी चाचणीतच गृहीत धरले.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात स्मृतिभ्रंश झालेल्या संस्कृत पंडिताची भूमिका डॉ. मोहन आगाशे यांनी केली आहे. ते स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत. हत्तीमागे निघून गेलेल्या या पंडिताला अखेर सांभाळते ती माहुताची बायको. तिला त्याची विद्वत्ता ठाऊक नसते, रोगाचे नावही ठाऊक नसते; लेकराला जपावे तशी ती त्याला जपते.

घरी असा रुग्ण असल्यास कुटुंबाने आरंभीच जवळच्या शासकीय रुग्णालयात जावे. वृद्धांसाठी 14567 आणि मानसिक आरोग्यासाठी 14416 हे दूरध्वनी क्रमांक आहेत. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आणखी एक सोय केली आहे. आपल्यावर पुढे कसे उपचार व्हावेत, कसे होऊ नयेत आणि आपल्या वतीने कोणी बोलावे, हे व्यक्तीला आधीच लेखी नोंदवून ठेवता येते. आजाराच्या प्रारंभी, समज शाबूत असताना, आजोबांना शेजारी बसवून हा कागद करता येतो; समज गेल्यावर तो करता येत नाही.