तारेने जोडलेला संगणक अबोल झाल्यास : दोषशोधनाचा एक पाठ

शाळेतील संगणक सुरू होतो, पडदा उजळतो, अक्षरे उमटतात. परंतु बाहेरच्या जगाशी त्याचा संबंध जुळत नाही. असा प्रसंग ग्रामीण शाळेत वारंवार येतो. अशा वेळी पुष्कळदा संगणकावर कापड घातले जाते व तंत्रज्ञ येईपर्यंत तो तसाच पडून राहतो. दोनशिक्षकी शाळेत ही बाब क्षुल्लक नव्हे. यू-डायस प्लसची माहिती भरण्यासाठी एक शिक्षक तालुक्याच्या गावी गेला, म्हणजे उरलेल्या एका शिक्षकाकडे सर्व वर्ग येतात आणि त्या दिवसाचे अध्यापन जवळजवळ थांबते. दोष बहुधा साधा असतो. तो कोठे आहे हे शोधण्याची रीत ठाऊक नसते, इतकेच. ती रीत शिक्षकांस अवगत व्हावी व तिचा वर्गातही उपयोग व्हावा, हा या पाठाचा हेतू होय.

हा पाठ लिनक्स प्रणालीच्या संगणकासंबंधी आहे. लिनक्सचा गाभा लिनस टोरवाल्ड्‌स या तरुणाने हेलसिंकी येथे विद्यार्थिदशेत असताना १९९१ साली लिहिला. भारतात पुणे येथे मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने त्याच वंशातील बॉस ही प्रणाली सिद्ध केली. दोष शोधण्याची साधने या प्रणालींत बहुधा आधीपासूनच असतात. ती विकत आणावी लागत नाहीत. पुढे देवनागरीत दिलेल्या आज्ञा संगणकावर मात्र रोमन लिपीतील लहान अक्षरांनी टंकित कराव्यात.

पूर्वज्ञान : टपालाचा मार्ग

विद्यार्थ्यांस टपाल ठाऊक आहे; तेथूनच आरंभ करावा. काटोल तालुक्यातील एका गावातून मुंबईस पत्र पाठवावयाचे आहे. त्यासाठी लिहिणारा हवा, पेटीपर्यंतची वाट हवी, पत्रावर पत्ता हवा, पत्र पुढे नेणारे टपाल कार्यालय हवे. यांपैकी एक दुवा तुटला तरी पत्र पोहोचत नाही. आणि पत्र पोहोचले नाही एवढ्यावरून कोणता दुवा तुटला हे कळत नाही.

संगणकाचे असेच आहे. संगणकातील नेटवर्क कार्ड, त्यातून निघालेली तार, अनेक तारा एकत्र करणारा स्विच, बाहेर वाट दाखविणारा राउटर आणि त्यापलीकडील जग, असे हे पाच मुक्काम होत. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची योजना केंद्र शासनाने २०११ साली मंजूर केली व २०१५ पासून ती भारतनेट या नावाने ओळखली जाते. तो तंतू गावात आला, तरी शाळेच्या टेबलापर्यंतचे अखेरचे काही मीटर शाळेलाच सांभाळावे लागतात, आणि त्याच टप्प्यात होणारे दोष शिक्षकाच्या हाताच्या अंतरावर असतात.

पत्त्याची कल्पना पिनकोडावरून स्पष्ट करावी. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही पद्धती श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने योजिली. ४४०००१ हा क्रमांक घेतला, तर पहिल्या ४ या अंकावरून देशाचा विभाग, ४४० या तीन अंकांवरून नागपूर व अखेरच्या तीन अंकांवरून विशिष्ट टपाल कार्यालय कळते. संगणकाचा पत्ताही असाच अंकांचा असतो. १९२.१६८.१.२५ या पत्त्यात सामान्यतः पहिले तीन गट जाळ्याचे असून अखेरचा २५ हा त्या संगणकाचा होय. एकाच शाळेतील सर्व संगणकांचे पहिले तीन गट बहुधा सारखे असतात.

मुख्य नियम

दोष शोधताना दोन नियम पाळावेत. पहिला, जवळून दूर जावे. नागपुरातील झीरो माइलच्या दगडावर निरनिराळ्या गावांची अंतरे त्या एका ठिकाणापासून मोजून कोरलेली आहेत. शिक्षकानेही आपल्या संगणकास शून्य मैल मानून तेथून बाहेर निघावे. दुसरा, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तार बदलली, राउटर बंद करून चालू केला व पत्ताही बदलला आणि संबंध जुळला, तर कशामुळे जुळला हे कधीच कळणार नाही. संपूर्ण प्रणाली पुसून पुन्हा बसविणे हा तर घरातील किल्ली सापडेना म्हणून घर पाडण्याचा प्रकार होय.

पहिला मुक्काम : तार व दिवे

तार जेथे संगणकात शिरते, तेथे बहुधा दोन लहान दिवे असतात. संगणक चालू असता एक स्थिर लागलेला व एक लुकलुकणारा दिसला, तर तार जोडलेली आहे असे समजावे. कोणताच दिवा लागत नसेल, तर पुढील कोणतीही आज्ञा देण्यापूर्वी तारेकडे वळावे. टोकावरील क्लिपची जीभ मोडली असता तार आत घातल्यासारखी दिसते, परंतु टेकत नाही. दोन्ही टोके काढून 'टक्' असा आवाज होईपर्यंत पुन्हा बसवावीत. स्विचला वीज आहे की नाही ते पाहावे. मग तार स्विचच्या दुसऱ्या खाचेत लावावी. तरीही दिवा न लागल्यास चालू असलेल्या संगणकाची तार आणून जोडून पाहावी. त्या तारेने दिवा लागला, तर दोष जुन्या तारेत आहे हे सिद्ध झाले.

भिंतीच्या कडेने गेलेली तार उंदीर व खारी कुरतडतात. बाहेरून नेलेल्या तारेचे वेष्टन विदर्भातील उन्हाने कडक होऊन तडकते. तांब्याच्या या तारेची मर्यादा १०० मीटर आहे हेही ध्यानात ठेवावे. तारेत आठ तंतूंच्या चार जोड्या असून प्रत्येक जोडी पिळलेली असते. पीळ शोभेसाठी नसतो. बाहेरील विद्युत्‌-उपद्रव जोडीतील दोन्ही तंतूंवर सारखाच पडावा व दोहोंतील फरकावरून संदेश वाचताना तो वजा व्हावा, यासाठी तो असतो. नवी क्लिप बसवावयाची झाल्यास सामान्यतः हा क्रम ठेवतात : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांस क्रम एकच असावा.

दुसरा मुक्काम : कार्ड

दिव्यांवरून निर्णय होत नसेल, तर टर्मिनल उघडून 'आयपी लिंक' ही आज्ञा द्यावी. 'आयपी' व 'लिंक' यांमध्ये एक जागा सोडावी. येणाऱ्या यादीत पहिले नाव 'लो' असते. तो संगणकाचा स्वतःशीच चालणारा संवाद होय. त्याचा विचार करू नये. त्याखाली 'ईएनपी' किंवा 'ईटीएच' अशा अक्षरांनी सुरू होणारे नाव तारेच्या कार्डाचे असते. त्यापुढे 'नो-कॅरिअर' असे शब्द आल्यास संगणकास कार्ड दिसते, परंतु तारेतून संकेत येत नाही, असा अर्थ समजून पहिल्या मुक्कामास परत जावे. ते शब्द नसून केवळ 'डाउन' असेल, तर पडद्यावरील नेटवर्कच्या यादीतून तारेची जोडणी बंद झालेली असण्याचा संभव आहे. ती चालू करावी.

यादीत 'लो'खेरीज काहीच नसेल, तर 'एलएसपीसीआय' ही आज्ञा द्यावी. ही संगणकात बसविलेल्या भागांची हजेरी आहे. या हजेरीत 'इथरनेट' हा शब्द असलेली ओळ सापडली, तर कार्ड जागेवर आहे, परंतु ते चालविणारा ड्रायव्हर मिळालेला नाही. प्रणाली नुकतीच अद्ययावत केल्यानंतर असे झाले असेल, तर संगणक सुरू होताना येणाऱ्या यादीतून आधीचा कर्नेल निवडून पाहावा. हजेरीतही ओळ नसेल, तर कार्ड बायॉसमधून बंद केले गेले आहे किंवा ते निकामी झाले आहे. जवळपास वीज पडल्यास कार्ड जळू शकते. म्हणून मृगाच्या गडगडाटात विजेच्या तारेबरोबर नेटवर्कची तारही आधीच काढून ठेवावी. कार्ड जळले तरी संगणक टाकून देऊ नये. यूएसबीला जोडावयाचे इथरनेट अडॅप्टर लावून काम पुढे चालविता येते.

तिसरा मुक्काम : पत्ता

आता 'आयपी अ‍ॅडर' ही आज्ञा द्यावी व कार्डाच्या नावाखाली 'आयनेट' या शब्दापुढील अंक वाचावेत. पत्ता सामान्यतः राउटरकडून मागून घेतला जातो. या देवघेवीस डीएचसीपी म्हणतात. अंक १६९.२५४ ने सुरू होत असतील, तर संगणकाने पत्ता मागितला व कोणी उत्तर दिले नाही. परगावी घर न मिळालेल्या वाटसरूने पारावर मुक्काम करावा, तसा हा तात्पुरता पत्ता होय. मुळीच अंक नसतील, तरीही अर्थ तोच. अशा वेळी राउटर चालू आहे ना ते पाहून तारेची जोडणी पडद्यावरून बंद करून पुन्हा चालू करावी.

कधी कोणी पूर्वी हाताने पत्ता भरून ठेवलेला असतो आणि राउटर बदलल्यानंतर तो जुळत नाही. कधी दोन संगणकांस एकच पत्ता दिलेला असतो. मग दोघांचाही संबंध मधूनमधून तुटतो. दोन्ही प्रसंगी जोडणीच्या मांडणीत जाऊन पत्ता 'ऑटोमॅटिक' ठेवावा.

चौथा मुक्काम : राउटर

'आयपी रूट' ही आज्ञा दिल्यावर 'डिफॉल्ट व्हाया' या शब्दांपुढे येणारा क्रमांक राउटरचा असतो. गावाबाहेर जाणारे प्रत्येक पत्र याच टपाल कार्यालयातून जाते. 'पिंग' ही आज्ञा लिहून एक जागा सोडून तो क्रमांक लिहावा. पिंग म्हणजे हाक होय. 'बाइट्स फ्रॉम' अशा ओळी आल्या, तर ओ मिळाली. लिनक्सवर ही हाक आपोआप थांबत नाही. कंट्रोलची कळ दाबून सी दाबावा. ओ न मिळाल्यास संगणक व राउटर यांमधील दुवे पुन्हा तपासावेत.

पाचवा मुक्काम : बाहेरचे जग व नावांची सूची

राउटरने ओ दिली, तर ८.८.८.८ या क्रमांकास हाक द्यावी. गूगलने चालविलेल्या सार्वजनिक सेवेचा हा क्रमांक सहज स्मरणात राहतो. येथून उत्तर न आल्यास दोष बहुधा शाळेबाहेर आहे. क्रमांकाने उत्तर येते, परंतु संकेतस्थळाचे नाव लिहिल्यास येत नाही, असे झाल्यास वाट मोकळी आहे, केवळ नावावरून क्रमांक सांगणारी डीएनएस ही सूची मिळत नाही. जोडणीच्या मांडणीत डीएनएसच्या रकान्यात ८.८.८.८ लिहिल्यास हा दोष बहुधा दूर होतो.

सर्व मुक्काम ठीक असूनही सुरक्षित संकेतस्थळे उघडत नसतील, तर पडद्यावरील दिनांक पाहावा. जुन्या संगणकातील नाण्याएवढी बॅटरी संपली, की त्याचे घड्याळ काही वर्षे मागे जाते. मग संकेतस्थळाचे प्रमाणपत्र अद्याप लागूच झालेले नाही असे समजून संगणक ते नाकारतो. दिनांक दुरुस्त करावा व बॅटरी बदलून घ्यावी.

तक्रार कशी लिहावी

दोष शाळेबाहेर असल्यास तक्रार करावीच. परंतु 'इंटरनेट बंद आहे' एवढेच लिहू नये. 'तारेचा दिवा लागतो, पत्ता मिळतो, राउटर उत्तर देतो, ८.८.८.८ उत्तर देत नाही. आज सकाळी १० वाजल्यापासून असे आहे,' असे लिहावे. अशा तक्रारीने तंत्रज्ञाचा एक फेरा वाचतो व शाळेचे दिवसही वाचतात. संगणकाशेजारी एक वही ठेवून तीत दिनांक, लक्षण, दोषाचे स्थान व उपाय असे चार रकाने आखावेत. शिक्षकाची बदली झाली, तरी अनुभव शाळेतच राहतो.

वर्गातील उपयोजन

सहावी-सातवीच्या वर्गात पाच विद्यार्थ्यांस ओळीने उभे करून संगणक, तार, स्विच, राउटर व जग अशी नावे द्यावीत. एकाने चिठ्ठी पुढच्याकडे द्यावयाची नाही, असे त्यास गुप्तपणे सांगावे. चिठ्ठी शेवटपर्यंत पोहोचत नाही असे दिसल्यावर वर्गाने कमीत कमी प्रश्न विचारून ती कोठे अडली हे शोधावे. आरंभी मुले कोणाचेही नाव घेतात. दोन-तीन खेळांनंतर ती ओळीने विचारू लागतात. तो बदल घडला, म्हणजे पाठ साधला. विजेच्या जोडण्यांना मात्र मुलांचा हात लागू देऊ नये.

संगणक खरोखर अबोल होईल, त्या दिवशी शिक्षकाने तो मुलांपासून झाकून ठेवू नये. गुरुजींनाही उत्तर ठाऊक नाही, परंतु ते पायरीपायरीने शोधीत आहेत, हे मुलांनी पाहावे. विज्ञानाच्या पुस्तकातील 'निरीक्षण, तर्क, पडताळा' हे शब्द त्या वेळी त्यांच्या डोळ्यांसमोर घडतात.

स्वाध्याय

१. तारेचा दिवा लागतो, परंतु पत्ता १६९.२५४ ने सुरू होतो. दोष कोणत्या दोन मुक्कामांच्या मध्ये शोधावा?
२. एका संगणकावर संबंध नाही, शेजारच्यावर आहे. यावरून कोणते दुवे निर्दोष ठरतात?
३. आपल्या शाळेतील टेबलापासून राउटरपर्यंतच्या तारेचा नकाशा विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावा व तिची लांबी मोजून नोंदवावी.