आधी फट मोज

।। श्री ।।

रामनगर, ता. जोयडा
ज्येष्ठ, पावसाची झड

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला आणि तीनदा तुटला. तुझ्याकडे रेंज नाही, माझ्याकडे वीज नव्हती. शेवटी एवढंच ऐकू आलं, ‘मामा, प्रोसेसरवर पेस्ट लावू की पॅड?’ आणि तुला माल देणाऱ्याने निळ्या पॅडचा मोठा ताव दिलाय, ‘हात बरबटत नाहीत, कापायचं आणि चिकटवायचं’ असं सांगितलंय, हेही कळलं. फोनवर हे जमणार नाही म्हणून लिहितोय. पत्र आणि सोबतचं पाकीट जोयड्याच्या बसच्या कंडक्टरकडे देतोय. पाकीट लगेच फोडू नकोस. आधी वाच.

तू विचारलंस ‘चांगलं काय’. त्याऐवजी ‘फट किती’ असं विचार, म्हणजे उत्तर आपोआप मिळेल.

मी कॉम्प्युटरच्या आधी ॲम्प्लिफायर दुरुस्त करायचो, हे तुला ठाऊक आहे. जत्रेचे, भजनी मंडळांचे. त्यात 2एन3055 नावाचा लोखंडी टोपीचा ट्रान्झिस्टर असे. त्याच्या टोपीतच वीज खेळते, म्हणून टोपी आणि ॲल्युमिनियमच्या हीटसिंकमध्ये अभ्रकाचा पातळ तुकडा घालायचा आणि त्याच्या दोन्ही अंगांना पांढरी पेस्ट लावायची. मी पहिल्यांदा लावली ती लोण्यासारखी. उस्तादांनी अंगठ्याने पुसून टाकली आणि म्हणाले, ‘खालचा अभ्रक दिसला पाहिजे.’ तेव्हा वाटलं, म्हातारा पेस्ट वाचवतोय. कारण समजायला पुष्कळ वर्षं गेली.

कारण असं. प्रोसेसरचा माथा आणि हीटसिंकचा तळ डोळ्यांना गुळगुळीत दिसतात, पण दोन्हींवर बारीक खाचा असतात. दाबून बसवले तरी ते काही ठिपक्यांवरच टेकतात आणि मधे हवा राहते. उष्णता वाहण्याचा हवेचा आकडा आहे 0.026. बऱ्या पेस्टचा साधारण 5, तांब्याचा 400 च्या आसपास. म्हणजे पेस्ट हवेपेक्षा दोनशेपट चांगली आणि तांब्यापेक्षा ऐंशीपट वाईट. हे दोन्ही एकदमच लक्षात ठेव. हवा जिथे आहे तिथे पेस्ट हवी, आणि धातूला धातू टेकतोय तिथे तीच पेस्ट अडचण. आजीच्या घरचं सारवण आठव. सारवणाने जमिनीच्या भेगा बुजतात, पण सारवणाचीच जमीन कुणी करत नाही. जाड सारवलं की पोपडे सुटतात.

आता पॅड. तो सिलिकोनचा मऊ तुकडा, अर्ध्या मिलिमीटरपासून तीन मिलिमीटरपर्यंत जाडीचा. त्याच्या पाकिटावरही 5 हाच आकडा असू शकतो, आणि तिथेच माणूस फसतो. आकडा सारखा असला तरी जाडी सारखी नसते. लॅपटॉपची उघडी चिप धर, सव्वा चौरस सेंटिमीटरच्या आत-बाहेरची, 15 वॅट उष्णता टाकणारी. नीट दाबलेल्या पेस्टचा थर 0.05 मिलिमीटर. त्यात चिप आणि तांब्याची पट्टी यांच्या तापमानात फरक पडतो सव्वा अंशाचा. त्याच जागी एक मिलिमीटरचा पॅड ठेवला तर थर वीसपट जाड, म्हणून फरकही वीसपट, पंचवीस अंशांचा. बऱ्याच प्रोसेसरांची मर्यादा 95 ते 100 अंश असते. तिथे पोचला की तो आपला वेग स्वतःच कमी करतो, आणि तरी भागलं नाही तर मशीन बंद पडतं.

हा हिशेब मी पुस्तकात वाचायच्या आधी करून बसलोय. असाच पाऊस होता, पेस्टची ट्यूब संपली होती, नवा माल दोन दिवस येणार नव्हता. उळवीच्या बाजूचे एक मास्तर लॅपटॉप घेऊन आले. त्यांना परतीची बस गाठायची होती. मी ताव काढला, एक मिलिमीटरचा चौकोन कापला, चिपवर ठेवला, स्क्रू आवळले. मशीन सुरू झालं, मास्तर खूश झाले, मी पैसे घेतले. घरी जाऊन त्यांनी निकालाचे तक्ते काढायला घेतले, तर पंखा किंचाळायला लागला, मशीन रांगायला लागलं आणि अर्ध्या तासात बंद. ते दोन बस बदलून पुन्हा आले. रागावले नाहीत. ‘तुम्हालाही घाई होती, मलाही होती,’ एवढंच म्हणाले. ते रागावले असते तर मी विसरलो असतो.

म्हणून नियम साधा ठेव. जिथे दोन पृष्ठभाग एकमेकांना टेकायचे आहेत तिथे पेस्ट. जिथे मुद्दाम अंतर ठेवलेलं आहे तिथे पॅड. बहुतेक ग्राफिक्स कार्डांत आणि कितीतरी लॅपटॉपांत एकाच हीटसिंकखाली दोन्ही प्रकार सापडतील: मुख्य चिपवर पेस्ट, आणि बाजूच्या मेमरी चिपवर, वीज सांभाळणाऱ्या भागांवर पॅड. या भागांची उंची कमी-जास्त असते, ती फट पेस्टने भरत नाही. भरलीस तर ओघळून जाईल. एसएसडीवरही पॅडच.

पॅड बदलताना जुन्याची जाडी मोजूनच नवा घे. एक मिलिमीटरच्या जागी दीडचा टाकलास तर मेमरी थंड राहील, पण हीटसिंक वर उचललं जाऊन मुख्य चिप उघडी पडेल. पातळ टाकलास तर पॅड टेकणारच नाही. जुना चुरा झाला असेल तर मुलांच्या खेळण्यातली क्ले घे. त्या जागी पातळ प्लॅस्टिक पसरून वर गोळी ठेव, हीटसिंक आवळ, पुन्हा खोल आणि चेपलेली गोळी व्हर्नियरने मोज. पॅड त्याहून किंचित जाड हवा, म्हणजे दाबून बसतो. दोन्ही बाजूंची प्लॅस्टिकची साल काढायला विसरू नकोस. हसू नकोस, विसरतात.

पेस्ट लावताना आधी जुनी पूर्ण काढ. आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड वापर, नखाने खरवडू नकोस. मग मधोमध वाटाण्याएवढा थेंब, लॅपटॉपच्या छोट्या चिपला त्याहूनही कमी. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा. हीटसिंकवर 1, 2, 3, 4 आकडे कोरलेले असतील तर त्याच क्रमाने, आणि सोडवताना उलट्या क्रमाने. एएमडीच्या एएम4 सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरलाच असतात, आणि जुनी पेस्ट सुकून डिंकासारखी धरते. कूलर सरळ वर ओढलास तर प्रोसेसरही उपटून येईल. आधी मशीन दहा मिनिटं चालवून गरम कर, मग बंद करून वायर काढ, कूलर डावी-उजवीकडे हलक्या हाताने फिरव आणि मगच उचल.

आता आपल्या मुलखाची गोष्ट. शहरातला माणूस दोन अंशांसाठी महाग पेस्ट घेतो आणि वर्षाने पुन्हा लावतो. तुझं गिऱ्हाईक जंगलातल्या गावातून येणार. दिवसाला एक-दोनच बस असलेली गावं आहेत आपल्याकडे. त्याला पहिल्या दिवसाचा थंडावा नको, चार वर्षं पुन्हा यावं लागू नये हे हवं. मशीन तापतं, निवतं, तांबं आणि चिप कमी-जास्त फुगतात आणि पातळ पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते. आपल्याकडे पावसात वीज जाते-येते, म्हणजे डेस्कटॉपचे असे फेरेही जास्त. म्हणून घट्ट, टिकाऊ पेस्ट ठेव. लॅपटॉपच्या उघड्या चिपसाठी हनीवेलच्या पीटीएम 7950 सारखी वस्तू परवडली तर जरूर घे. दिसते पॅडसारखी, पण साधारण 45 अंशांना मऊ होऊन पेस्टसारखी पातळ बसते, आणि सहज ढकलली जात नाही. साल काढायच्या आधी थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेव, नाहीतर बोटांना चिकटून फाटेल. ग्राफाइटचे तुकडे मिळतात, पण त्यांतून वीज वाहते, कडेच्या भागांना लागू देऊ नकोस. आणि तो द्रवधातू, सोनीने प्लेस्टेशन 5 मध्ये घातलेला, त्याच्या वाटेला जाऊच नकोस. त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम खातं आणि एक थेंब सांडला तर बोर्ड गेला.

आणि पेस्टच्या आधी पंखा बघ. उन्हाळ्यात आपल्या रस्त्यांची तांबडी धूळ आत जाते, पावसात ती ओलसर होऊन जाळीवर घोंगडीसारखी बसते. कितीदा तरी नुसती ती घोंगडी काढली की मशीन गप्प होतं. अशा वेळी साफसफाईचेच पैसे घे. पेस्ट बदलली असं सांगून बिल वाढवायचा मोह होईल, कारण गिऱ्हाईक आत डोकावत नाही. म्हणूनच सांगतोय.

निळा ताव परत करू नकोस, एसएसडीला आणि मेमरीला कामाला येईल.

आता पाकीट फोड. आत त्या मास्तरांच्या चिपवरून काढलेला पॅडचा चौकोन आहे. मधे चिपचा ठसा उमटलाय बघ, किती कमी दबलाय. तो तुझ्या कामाच्या टेबलासमोर टाचणीने लाव. घाई असेल त्या दिवशी उपयोगी पडेल.

ताईला नमस्कार. पावसात दुकानाच्या मागच्या कौलांकडे लक्ष ठेव.

तुझा,
मामा

ता. क. पत्राच्या कोपऱ्यावर तेलाचा डाग दिसेल. तो जेवताना पडलेला नाही. पाकीट लिहिताना कागदावर ठेवलं होतं, इतक्या वर्षांनीही तो पॅड तेल सोडतोय.