आधी ब्रेक

चिंचवड

चि. ओंकार यास,


तुझा मेसेज वाचला. इतकं सगळं फोनवर टाइप करायचा मला कंटाळा, म्हणून हे पत्र. रेसिंग गेमसाठी लॉजिटेकचं जी २९, म्हणजे स्टिअरिंग आणि पेडल, घरी आलं, स्टिअरिंग टेबलाला घट्ट बसलं, आणि तरी गेममधल्या मोन्झा ट्रॅकच्या पहिल्या वळणावर गाडी कधी फार आधी थांबते, कधी सरळ पुढे निघून जाते, असं तू लिहितोस. त्यावर तू रोज रात्री सेटिंगमधला एकेक आकडा हलवून बघतोयस. ते आधी बंद कर. पाय तेवढाच दाबला की दर वेळी ब्रेकही तेवढाच लागला पाहिजे. आज आकडा वेगळा, उद्या खुर्ची वेगळ्या जागी, अशात पाय काय शिकणार?

खुर्चीपासूनच सुरुवात कर, कारण तुझा खरा घोळ तिथे आहे असा मला दाट संशय आहे. तुमच्या घरातली फरशी गुळगुळीत, आणि तू बसतोस चाकांच्या खुर्चीत. ब्रेक जोरात दाबलास की पेडलचा ठोकळा पुढे सरकतो आणि खुर्ची मागे जाते. म्हणजे पायाचा निम्मा जोर ब्रेकपर्यंत पोचतच नाही. त्या ठोकळ्याखाली दात असलेली पट्टी बाहेर काढता येते, पण ती गालिच्यासाठी. फरशीवर तिचा काडीचा उपयोग नाही. ठोकळा भिंतीला टेकवला तर तो थांबेल, खुर्ची थांबणार नाही. त्यापेक्षा अठरा एमएमच्या प्लायची एक लांब फळी घे. तिच्या एका टोकाला पेडल स्क्रूने पक्के कर (ठोकळ्याच्या बुडाला त्यासाठी भोकं दिलेली आहेत) आणि दुसऱ्या टोकावर जेवणाच्या टेबलाची साधी, चार पायांची खुर्ची ठेव. खुर्चीच्या मागच्या पायांमागे फळीवर एक आडवी पट्टी ठोक. आता तू पेडल पुढे ढकललंस की पाठ खुर्चीला मागे रेटणार, आणि दोन्ही जोर त्याच फळीत एकमेकांना अडवून धरणार. आमच्या कारखान्यात ब्रेक तपासायच्या बेंचची चौकटही याच हिशेबाने बांधलेली असते. फरशीला भोकं पाडायचा विचार डोक्यात आला असेल तर सोडून दे. ताई मला बोलेल.

बसताना टाच जमिनीला टेकलेली हवी आणि ब्रेक तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहायला हवा. पातळ तळव्याचे बूट किंवा नुसते मोजे चालतील. चप्पल नको.

आता पेडलच्या आत काय आहे ते बघ. तिन्ही पेडलना पोटेन्शिओमीटर आहेत, म्हणजे पेडल किती अंतर खाली गेलं एवढंच यंत्राला कळतं. किती जोराने दाबलं हे त्याला कळत नाही. खऱ्या गाडीत उलटं असतं. पायाचा जोर मास्टर सिलिंडरमध्ये ब्रेक ऑइलचा दाब होतो आणि तो दाब चाकापर्यंत जातो. पेडल थोडंसंच खाली जातं आणि मग कडक लागतं. तो कडकपणा यावा म्हणून जी २९ च्या ब्रेकमागे रबराचा एक ठोकळा घातलाय. पेडल निम्मं-अधिक सहज जातं, मग रबर आडवं येतं. पुष्कळ लोक कंटाळून ते रबर काढून टाकतात. तू काढू नकोस. पायाला अंतरापेक्षा जोर जास्त नीट लक्षात राहतो, आणि या पेडलमध्ये जोराची जाणीव देणारी तेवढी एकच वस्तू आहे.

मग कॉम्प्युटर. व्हील सुरू होताना आपणहून डावी-उजवीकडे फिरतं, तेव्हा पाय पेडलवर नकोत. ते थांबलं की तिन्ही पेडल एकदा पूर्ण तळापर्यंत दाबून सोड. विंडोजच्या ‘रन’मध्ये जॉय डॉट सीपीएल टाकलंस की प्रत्येक पेडलची पट्टी दिसते. पाय वर असताना पट्टी भरलेली आणि दाबल्यावर रिकामी दिसली तरी घाबरू नकोस, गेममध्ये ती उलटवता येते. बघायचं ते एवढंच, की ॲक्सिलरेटर आणि ब्रेक वेगवेगळ्या पट्ट्यांवर आहेत ना. एकाच पट्टीवर असले, तर लॉजिटेकच्या जी हब सॉफ्टवेअरमध्ये ‘कम्बाइन्ड पेडल्स’ चालू राहिलंय. ती जुन्या गेमसाठीची सोय आहे. त्यात दोन्ही पेडल एकदम दाबली की एकमेकांना खोडतात, त्यामुळे बंद कर. पाय न लावता पट्टी थरथरत असेल तर आत धूळ गेलीय. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मार. खोबरेल तेल वगैरे प्रयोग नकोत.

जी हबमधली पेडलची संवेदनशीलता ५० वर असते, ती तशीच राहू दे. बदल करायचा तो फक्त गेममध्ये. दोन्हीकडे बदल केलेस तर ते एकावर एक चढतात आणि काय कशामुळे होतंय ते कळेनासं होतं. असेटो कोर्सामध्ये ब्रेकचा गॅमा वाढवला की सुरुवातीच्या सोप्या दाबात ब्रेक कमी लागतो आणि खरा ब्रेक रबराच्या भागात येतो. तुला तेच हवंय. ब्रेक शंभर टक्के लागायला रबर पार चेपावं लागत असेल तर वरची मर्यादा थोडी खाली आण. पाय वर असताना ब्रेक एखाददुसरा टक्का लागत असेल तर तेवढाच डेडझोन दे. एवढं झालं की आकडे वहीत लिहून ठेव आणि महिनाभर हात लावू नकोस.

सरावाला मोन्झाच चांगलं, कारण लांब सरळ रस्ता आणि पुढे एकदम पहिल्या गिअरपर्यंत यायचं वळण. एबीएस बंद ठेव. ब्रेकसाठी रस्त्याकडेची एकच पाटी धर, तिथे ब्रेक एकदम भरपूर दाब, आणि स्टिअरिंग वळायला लागलं तसा हळूहळू सोड. ब्रेकमुळे गाडीचं वजन पुढच्या टायरवर येतं म्हणून ते वळतात. एकदम सोडलास की पुढचं टोक हलकं होऊन गाडी रुंद जाते. पाय डावा की उजवा हा वाद घालत बसू नकोस. स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर बदलतोस तर डावा वापर, आणि मग तोच वापर. अठराचा होऊन खरी गाडी चालवशील तेव्हा मात्र डाव्या पायाला क्लचशिवाय काम नाही.

लोड सेलची पेडल घेऊ का, असंही विचारलंयस. थ्रस्टमास्टरची टी-एलसीएम तशीच आहेत. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यात असतो तसाच सेन्सर त्यांच्या ब्रेकमध्ये असतो, तो अंतर सोडून थेट जोर मोजतो. वस्तू उत्तम, यात वाद नाही. पण तिला आणखी जोराने दाबावं लागतं, आणि तुझी आत्ताची बैठक तेवढा जोर सहनच करणार नाही. आधी फळी.

प्लाय कापून घेताना आधी बसून माप घे: पाठ टेकवून, ब्रेक पूर्ण दाबून. फळी झाली की स्क्रीनवरच्या ब्रेकच्या पट्टीचा व्हिडिओ काढून पाठव, सलग काही लॅपचा. एक चांगला लॅप निवडून पाठवू नकोस. प्लायचं बिल माझ्याकडे.

तुझी,
शुभामावशी