सूतिकापरिचर्या : रुग्णालयातून घरी परतल्यानंतर

सूतिकाकाळ शास्त्रकारांनी सामान्यतः दीड महिन्याचा सांगितला आहे. शासकीय रुग्णालयातील मुक्काम मात्र थोडाच असतो. 2011 साली सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार स्वाभाविक प्रसूतीनंतर तीन दिवस व शस्त्रक्रियेनंतर सात दिवसांपर्यंत आहार, औषधे आणि घरी पोहोचविण्याची सोय विनामूल्य मिळते. उरलेल्या काळाचा भार घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया, सुईण व आशा कार्यकर्ती यांच्यावर पडतो. जळगाव जामोद, संग्रामपूर या तालुक्यांतील सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून रुग्णालय गाठणे सोपे नसते. तेथे हा भार अधिकच जाणवतो.

चरकाचार्यांनी सूतिकेस भूक लागल्याचे जाणूनच पंचकोलयुक्त स्नेहपान, त्यानंतर उदराभ्यंग व वस्त्रवेष्टन आणि पुढे यवागू असा क्रम दिला आहे. म्हणजे अग्नी पाहूनच उपचार. पहिल्याच दिवशी डिंकाचे लाडू देणे या क्रमास धरून नाही. सुश्रुताचार्यांनी प्रसवसमयी जवळ असणाऱ्या स्त्रियांची नखे कापलेली असावीत असे सांगितले आहे. सुईणीस हात धुण्याचा आग्रह करताना आपण शास्त्रच सांगत असतो. शस्त्रक्रिया झालेल्या सूतिकेच्या जखमेवर अभ्यंग, शेक किंवा घट्ट पट्टबंधन मुळीच करू नये.

बाळंतकाढा नेण्यास बहुधा सूतिका येत नाही, घरचे येतात. एकदा एक आजी आमच्याकडे काढा मागण्यास आल्या. बोलता बोलता कळले की सुनेस दोन दिवस ताप असून स्रावास दुर्गंधी आहे. काढ्याऐवजी आम्ही तिला तातडीने रुग्णालयात पाठविले. आम्ही विचारले नसते, तर बाटली घेऊन आजी निघून गेल्या असत्या.

म्हणून वैद्यबंधूंनी व औषधालयाच्या चालकांनी बाटली देण्यापूर्वी पुढील प्रश्न अवश्य विचारावेत :

1. रक्तस्राव वाढला आहे काय? तासाभरात पॅड पूर्ण भिजते काय?
2. ताप 100.4 अंश फॅरनहाइट किंवा अधिक आहे काय? स्रावास दुर्गंधी आहे काय?
3. तीव्र डोकेदुखी, दृष्टी अंधुक होणे किंवा झटके आहेत काय? (प्रसूतीनंतरही रक्तदाब वाढू शकतो.)
4. एकाच पायाची पोटरी सुजून दुखते काय? (असल्यास मर्दन करू नये.)
5. धाप लागते काय? बाळ दूध ओढते काय?

पहिल्या चारांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असल्यास, धाप लागत असल्यास किंवा बाळ दूध ओढत नसल्यास औषधयोजनेत वेळ न दवडता 102 अथवा 108 क्रमांकावर वाहन मागवावे. तक्रार नसल्यासही आशा कार्यकर्तीच्या 3, 7, 14, 21, 28 व 42 व्या दिवसांच्या गृहभेटी चुकवू नयेत, असे सांगावे.

सूतिकेच्या परिचर्येत आपला काढा उपयुक्त आहेच. परंतु त्याआधी विचारलेला प्रश्न अधिक मोलाचा ठरतो.