शिरगावची निसर्गसहल : पैसे कशाचे द्यायचे, कशाचे नाहीत

चिंचवड-निगडीच्या शाळेतल्या मुलांना "तुमच्या घरी पाणी कुठून येतं?" असं विचारलं, की पहिलं उत्तर येतं "नळातून" आणि दुसरं "गच्चीवरच्या टाकीतून". त्यापुढे गाडी सरकत नाही. ते पाणी पवनेचं. पवनानगरच्या धरणातून सुटतं, नदीच्या पात्रातून मावळातली गावं ओलांडत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथे महापालिका ते उचलते. शिरगाव याच वाटेवर, रावेतच्या अलीकडे. म्हणून आमच्या भागातल्या शाळांना मी पहिली निसर्गसहल याच पट्ट्यात काढायला सांगते. मुलांनी रोज प्यायलेलं पाणी इथून पुढे गेलेलं असतं.

आता खर्चाचं. पालक सभेत पहिला प्रश्न "डोक्यामागे किती?" हाच असतो आणि तो रास्त आहे. पण नुसत्या डोक्यामागच्या आकड्यावरून ठरवलं, की फसगत होते. काही वर्षांपूर्वी आमच्याच शाळेच्या एका सहलीत माझी झाली. 'सर्व समाविष्ट' म्हणून पैसे भरले. दिवसातले तीन तास बसमध्ये गेले, दीड तास जेवणाच्या रांगेत, दोन तास रेन डान्समध्ये. निसर्गाच्या वाट्याला आली चाळीस मिनिटं, तीही माईकवरचं भाषण ऐकण्यात. निघताना प्रत्येकाच्या हातात काळ्या पिशवीतलं एक रोप दिलं. त्यातली बरीचशी रोपं बसमध्येच कलंडली. एका मुलीने विचारलं, "बाई, हे झाड कसलं?" मला सांगता आलं नाही. रोप देणाऱ्यालाही नाही. तेव्हापासून मी दर विचारते तो तासाचा. मुलांचे हात प्रत्यक्ष माती, पान, पाणी, बी यांना लागतील असे तास किती, आणि एकूण पैसे त्या तासांवर वाटले तर किती पडतात?

हिशेब करून पाहू. खालचे आकडे मांडणी कळावी म्हणून घेतलेले आहेत, तिथे तुमच्या कोटेशनमधले घाला. समजा पंचेचाळीस मुलं आणि पाच शिक्षक. बस ९,००० रुपये. मुलांसोबत दिवसभर राहणारे दोन निसर्ग-मार्गदर्शक, प्रत्येकी २,५०० धरून ५,०००. ज्या निसर्ग केंद्रावर दिवस घालवायचा त्या जागेची फी मुलामागे १५०, म्हणजे ६,७५०. पन्नास जणांचं जेवण १२० प्रमाणे ६,०००. भिंगं, ट्रे, चाळण्या, पीएच कागद यांना १,८००. ज्याच्या शेतात मुलं जाणार त्या शेतकऱ्याला मानधन १,०००. प्रथमोपचार आणि विमा ९००. बेरीज ३०,४५०, डोक्यामागे साधारण ६७७. यात हातांनी करण्याचे चार तास मिळाले, तर तासाला १७० रुपयांच्या आत. दुसरीकडे ८५० रुपयांचं तयार पॅकेज आहे आणि त्यात असे तास दीडच. तिथे तास जवळपास ५६७ रुपयांना पडतो. पालकांसमोर हा हिशेब फळ्यावर मांडला, की चर्चेचा सूरच बदलतो.

या बेरजेत एक खाच आहे. बस, मार्गदर्शक, साहित्य यांचा खर्च मुलं कमी झाली म्हणून कमी होत नाही. आयत्या वेळी नऊ मुलं गळाली आणि छत्तीस उरली, तर तोच दिवस ६७७ ऐवजी ७७८ रुपयांना पडतो. म्हणून मुलांचा आकडा पक्का होईपर्यंत बसची आगाऊ रक्कम देऊ नका. आणि वर्गातल्या तीन मुलांच्या घरून पैसे येणं अवघड असेल, तर तेच ३०,४५० बेचाळीस जणांत वाटून पाहा. ७२५ रुपये. बाकीच्यांना अठ्ठेचाळीस रुपये जास्त. मी पालकांना पहिल्यापासून ७२५ सांगते, ती तीन नावं वर्गशिक्षिकेपलीकडे कुणाला कळत नाहीत आणि सगळा वर्ग एकाच बसमधून जातो. पैशांसाठी मूल मागे राहणार असेल, तर त्या सहलीतलं काहीतरी कमी करावं. पहिल्यांदा जेवणातली गोड डिश काढावी.

सर्वांत मोठा खड्डा बसचा. मान्यताप्राप्त शाळांच्या सहलींसाठी एसटी प्रासंगिक करारावर पन्नास टक्के सवलतीत गाडी देते, त्यामुळे खासगी बसचं कोटेशन घेण्याआधी मुख्याध्यापकांच्या पत्रासह जवळच्या आगारात जा. हिवाळ्यात सहलींची झुंबड असते, तारीख लवकर धरावी लागते. खासगी बसवाल्याला तीन गोष्टी लेखी विचारा. टोल कुणाकडे, ठरलेल्या किलोमीटरपुढचा दर काय, आणि रक्कम जीएसटी धरून की वगळून. चौथी गोष्ट स्वतः पाहा, फिटनेस सर्टिफिकेटची तारीख.

मुलं सातवी-आठवीच्या पुढची असतील आणि तुकडी लहान असेल, तर लोकल विसरू नका. पुणे ते लोणावळा पूर्ण प्रवासाचं दुसऱ्या वर्गाचं तिकीट पंधरा रुपये आहे आणि शिरगावसाठी उतरायचं बेगडेवाडी स्टेशन त्या वाटेवर बरंच आधी लागतं. दुपारी गाड्या विरळ असतात, म्हणून परतीची गाडी आधी ठरवायची आणि दिवस तिच्याभोवती बसवायचा. स्टेशनपासून पुढे रिक्षा किंवा गावातली टेम्पो ट्रॅव्हलर आधी सांगून ठेवावी लागते.

वार निवडताना गुरुवार टाळा. शिरगावचं साईमंदिर, लोक ज्याला प्रतिशिर्डी म्हणतात, तिथे गुरुवारी गर्दी असते आणि सोमाटणे फाट्यापासून आत येताना त्याचा अर्थ कळतो. गहुंजेच्या स्टेडियमवर सामना असेल तो दिवसही नको.

पाण्याबद्दल मी कडक आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडला पुण्यातल्या एका महाविद्यालयाचे चौदा विद्यार्थी समुद्रात बुडाले. त्यानंतर शिक्षण विभागाने सहलींच्या सूचना कडक केल्या. समुद्र, नदी, तलाव, विहिरी, कडे अशा जागा टाळाव्यात, दहा मुलांमागे एक शिक्षक असावा, मुली असतील तर शिक्षिका असाव्यात. इथून जवळच, कुंडमळ्याला, १५ जून २०२५ रोजी इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांसकट कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. तेव्हा नदी शिकवायची, पण काठावर मुलं उभी करून नाही. पाणी मुलांकडे आणायचं. केंद्रातला जाणता माणूस सकाळी दोन बादल्या भरून आणतो, एक नदीची, एक शेततळ्याची, आणि शिकणं सावलीत, मांडीएवढ्या उंचीच्या टेबलावर होतं. "मुलांना नदीत उतरवतो, फार मजा येते" असं कुणी म्हणालं, तर दर कितीही कमी असो, तिथे जाऊ नये.

त्या टेबलावर काय घडतं ते सांगते, कारण मार्गदर्शकांचे पाच हजार कशाचे ते त्यातून कळेल. पांढऱ्या ट्रेमध्ये बादलीतला गाळ अलगद ओततात. पहिली दोन मिनिटं मुलांना चिखलाशिवाय काही दिसत नाही. मार्गदर्शक ताई म्हणते, "हलू नका, फक्त बघा." मग चिखलाचा एक कण चालायला लागतो. तो चतुराचा पिल्लू-अवतार असतो, पंख फुटण्याआधीचा. चिमट्याच्या टोकाने जरा डिवचला, की मागून पाण्याची पिचकारी सोडून पुढे सटकतो. शेजारी लालभडक, दोऱ्यासारखी अळी वळवळत असते. ती लाल का, तर तिच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन आहे आणि ऑक्सिजन कमी असलेल्या घाण पाण्यातही ती तगते. तीन शेपट्यांची मेफ्लायची पिल्लं मात्र स्वच्छ, वाहतं पाणी मागतात. एका बादलीत मेफ्लाय सापडले आणि दुसरीत नुसत्या लाल अळ्या, तर कुठलं पाणी कसं आहे हे मुलं स्वतः ठरवतात. त्यांना प्रदूषण या विषयावर वेगळं भाषण द्यावं लागत नाही. आदल्या महिन्यात पवनेवर पसरलेली जलपर्णी पाहिलेली असते, तिचाही विषय आपोआप निघतो.

उंबराचं पिकत आलेलं फळ फोडणं हा असाच स्वस्तातला धडा. फळ दोन बोटांत उघडलं, की आतून मोहरीपेक्षा लहान गांधीलमाश्या बाहेर पडतात. उंबराचं फूल कुणाला दिसत नाही, ते फळाच्या आतच असतं, आणि ही माशी नसेल तर उंबराला बी नाही. खर्च शून्य, पण फळाची नेमकी अवस्था ओळखणारा माणूस हवा. पैसे त्या ओळखीचे.

भाताची लावणी दाखवायची असेल तर आषाढातच जावं लागतं, आणि ज्याच्या खाचरात पंचेचाळीस मुलं पाय घालणार त्याचा अर्धा दिवस मोडतो. मानधन ठरवूनच द्या, आढेवेढे न घेता. घरात येणारा इंद्रायणी तांदूळ याच तालुक्यातला, वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये आलेला, हे सांगितलं की मुलं रोपाकडे वेगळ्या नजरेने बघतात. नववीच्या मुलांना मी आणखी एक गोष्ट सांगायला सांगते. पवनेचं पाणी बंद नळातून शहराला नेण्याविरुद्ध मावळातले शेतकरी ९ ऑगस्ट २०११ ला बौरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन आंदोलक गेले. हे पुस्तकात सापडत नाही. शेतकरी काका स्वतः बोलतात तेव्हा मुलं ऐकतात, आणि नळाच्या दुसऱ्या टोकाला माणसं आहेत हे त्यांना त्या दिवशी कळतं.

जेवण केंद्राच्या बुफेऐवजी गावातल्या बचत गटाकडून घ्या. पिठलं, भाकरी, इंद्रायणीचा भात, ताक. बहुतेक वेळा दर कमी येतो, चव चांगली असते आणि पैसा गावात राहतो. ताटल्या स्टीलच्या हव्यात, हे आधी सांगून ठेवा. पर्यावरणाच्या सहलीत थर्माकोलच्या ताटल्यांचा ढीग मी पाहिला आहे आणि मुलांनीही तो पाहिला.

सरकारी शाळांनी स्वतःच्या खिशाकडे बघण्याआधी समग्र शिक्षा अभियानातला युवा आणि इको क्लबचा निधी विचारावा. त्याची वार्षिक मर्यादा प्राथमिकला ५,०००, उच्च प्राथमिकला १५,००० आणि माध्यमिकला २५,००० रुपयांपर्यंत ठेवलेली आहे. तो कधी येतो, कधी रखडतो, पण मागितल्याशिवाय येत नाही. साहित्य एकदाच विकत घ्या. शाळेच्या कपाटात दहा भिंगं, चार पांढरे ट्रे आणि पिठाच्या चाळण्या असल्या, की पुढच्या वर्षीच्या हिशेबातून ते १,८०० गळतात.

जोडून जायचं असेल तर कार्ले-भाजे लेणी. पंधरा वर्षांखालच्या मुलांना पुरातत्त्व खात्याच्या स्मारकात तिकीट नाही, मोठ्यांना २५ रुपये. पण एका दिवसात दोन्ही कोंबू नका. लेणी आली की हातांचे चार तास दोनावर येतात आणि तासाचा दर दुप्पट होतो.

केंद्र खूप मोठं, खूप हिरवं हवं असं नाही. माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान एकेकाळच्या कचराभूमीवर, सदतीस एकरांत उभं राहिलं आणि मुंबईच्या मुलांच्या कित्येक पिढ्या तिथे पानं ओळखायला शिकल्या. जागेपेक्षा तिथला माणूस महत्त्वाचा, म्हणून आगाऊ रक्कम भरण्याआधी एकदा स्वतः जाऊन या, शनिवारी सकाळी, कुणाला न सांगता. फाटकाजवळच्या कुठल्याही एका झाडाकडे बोट दाखवा आणि तिथल्या माणसाला त्याचं नाव विचारा. नाव आलं, त्यावर कुठला पक्षी येतो, फुलं कधी लागतात हेही त्याने न विचारता सांगितलं, तर खिशातून चेकबुक काढायला हरकत नाही. स्वच्छतागृह किती आणि मुलींचं वेगळं आहे का, पिण्याचं पाणी कुठलं, सर्पदंशावरचं प्रतिविष असलेलं जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं, तिथे पोचायला किती मिनिटं लागतात आणि केंद्रावर दिवसभर थांबणारी गाडी आहे का, हे पाच प्रश्न त्याच भेटीत विचारून वहीत उतरवून घ्या.