पावसाळी यात्रा आणि दरडीचे भय

हरिहरेश्वर, श्रीवर्धन, दिवेआगर या किनाऱ्यावरील क्षेत्रांस येणारे भाविक समुद्राविषयी बहुधा सावध असतात. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणामार्गावर भरतीच्या वेळी उतरू नये, हे बहुतेकांस ठाऊक असते. परंतु देशावरून येणाऱ्या यात्रेकरूस समुद्र दिसण्यापूर्वी सह्याद्री उतरावा लागतो. पुण्याहून ताम्हिणी, भोरहून वरंधा, महाबळेश्वरहून आंबेनळी, असे हे घाट आहेत. आषाढ-श्रावणात खरा धोका याच वाटांवर असतो. आणि त्याविषयी आपण फारच कमी बोलतो.

हरिहरेश्वरजवळ सागरास मिळणारी सावित्री ज्या डोंगरांतून येते, त्या महाड-पोलादपूरच्या भूमीने हे दुःख वारंवार सोसले आहे. २५ व २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहन व कोंडिवते या गावांवर दरडी कोसळून दीडशेहून अधिक माणसे गेली. त्यांपैकी दासगाव तर महामार्गावरच लागते. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे ऐंशीहून अधिक ग्रामस्थ मृत्युमुखी पडले. त्याच सुमारास महाबळेश्वर येथे चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि आंबेनळी घाटाचा रस्ता जागोजागी खचला. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी गाडली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण सापडलेच नाहीत. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते. यास्तव यादीत नाव नाही म्हणून एखादी जागा निर्धोक मानणे योग्य नव्हे.

दरड कोसळते कशी, हे समजून घेतले म्हणजे पुढील सूचना जाचक वाटणार नाहीत. सह्याद्रीचा कठीण काळा कातळ खाली असतो व त्यावर झिजलेल्या मुरमाचा, मातीचा थर असतो. पावसाचे पाणी या थरात मुरते, परंतु खालच्या कातळात सहज शिरू शकत नाही. ते तेथेच साचते, मातीचे वजन वाढते, कणाकणांची पकड सुटते आणि सबंध उतार कातळावरून घसरतो. म्हणून पहिल्या दिवसाच्या मुसळधार पावसापेक्षा चार दिवसांच्या संततधारेनंतर आलेली जोराची सर अधिक घातक ठरते. पाऊस थांबून ऊन पडले तरी मुरलेले पाणी लगेच ओसरत नाही. निदान एक-दोन दिवस जाऊ द्यावेत.

येथून केदारनाथास जाणाऱ्या मंडळींनी हाच नियम तेथेही ध्यानात ठेवावा. अक्षय्यतृतीयेच्या सुमारास मंदिराचे द्वार उघडते, तेव्हा वाटेवरील काही घळींत बर्फ असतो. दुपारच्या उन्हाने वितळलेले पाणी बर्फाच्या थरांत झिरपते, त्यांची पकड सैल होते व हिमस्खलन होते. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर हे विशेष घडते. अशी घळ पहाटे, बर्फ घट्ट असतानाच, एकेकाने अंतर ठेवून ओलांडावी आणि मध्ये छायाचित्रासाठी थांबू नये. बर्फाखाली सापडलेला मनुष्य पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तरच वाचण्याची आशा चांगली असते. तेथे वाट राखणाऱ्या जवानांनी थांबविले, तर हुज्जत घालू नये.

आपल्या घाटांत हवामान खात्याचा लाल इशारा असेल त्या दिवशी निघूच नये. रात्रीचा प्रवास टाळावा, कारण वरून येणारे दगड अंधारात दिसत नाहीत. धबधबा पाहण्यासाठी कापलेल्या कड्याखाली गाडी उभी करण्याची हौस तर सर्वांत वाईट. डोंगरातून बारीक दगड सुटू लागले, झाडे वा विजेचे खांब कललेले दिसले, जमिनीस नव्या भेगा पडल्या, अथवा स्वच्छ झरा एकाएकी गढूळ झाला किंवा आटला, तर तेथून तत्काळ दूर व्हावे. दरड येताना उताराच्या दिशेने खाली धावू नये, बाजूस पळावे. एक दरड कोसळल्यावर त्याच जागी दुसरी येऊ शकते. मदतीच्या सदिच्छेने ढिगाऱ्यावर लगेच चढू नये. ११२ वर अथवा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षास १०७७ वर प्रथम कळवावे.

दात्यांशीही दोन शब्द. डोंगराच्या कुशीत भक्तनिवास वा वाहनतळ बांधून देण्याची इच्छा अनेकांच्या मनात असते. भावना थोर आहे. परंतु जागेसाठी उताराचा पायथा कापला की वरच्या मातीचा आधारच जातो. अशा बांधकामापूर्वी भूवैज्ञानिकाचा अभिप्राय घ्यावा व तो प्रतिकूल असल्यास देणगी सपाटीवरील जागेकडे वळवावी. पाण्याचा निचरा करणारी गटारे, जाळीबंद कठडे, वरच्या उतारावर खोल मुळांची झाडे यांवर दात्यांची नावे कोरलेली सहसा दिसत नाहीत. तरीही यात्रेकरूंच्या दृष्टीने ही कामे संगमरवरी फरशीच्या आधी व्हावयास हवीत.