बाहेरचे दिवे आणि टायमर

परभणीत हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उर्स दरवर्षी फेब्रुवारीच्या सुरुवातीला भरतो. त्या दिवसांत दुकानदाराची खरी विक्री मगरिबनंतर होते. मानवत-सेलूकडच्या जिनिंगवाल्यांचेही तसेच. हंगामात कापसाच्या गाड्या अंधार पडल्यावरही आवारात उभ्या असतात. अशा जागी सोडियम किंवा मेटल हॅलाइड दिवे टायमरवर लावणारे आमचे व्यापारी बांधव दोन तक्रारी करतात. टायमर लवकर निकामी होतो आणि दिवे भलत्या वेळी लागतात.

टायमरवर १६ अँपिअर लिहिलेले असते, पण तो आकडा हीटरसारख्या साध्या भाराचा. सोडियम दिव्याच्या पेटीत चोक, इग्नायटर आणि कॅपॅसिटर असतो. वीज सुरू होताच रिकामा कॅपॅसिटर क्षणभर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो. आठ-दहा दिवे एकदम लागले की टायमरचे पॉइंट चिकटतात. मग दिवे भर उन्हातही जळत राहतात आणि मालकाला ते बिल आल्यावर कळते. यावर काही मिस्त्री कॅपॅसिटरच काढून टाकतात. हे आम्हास मुळीच पसंत नाही. २५० वॉटचा दिवा कॅपॅसिटरसह दीड अँपिअरच्या आसपास घेतो, त्याविना सुमारे तीन. वायर तापते ती वेगळीच. योग्य रीत अशी की टायमरने फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल चालवावी आणि दिव्यांचा भार कॉन्टॅक्टरने उचलावा. तो घेताना कोणते दिवे व किती, हे दुकानात स्पष्ट सांगावे. जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी.

आता वेळेचे. मोटरवर चालणारा साधा टायमर वीज गेली की थांबतो. दुपारी तीन तास वीज नसेल तर संध्याकाळी दिवे तीन तास उशिरा लागणार. म्हणून आत बॅटरी असलेलाच टायमर घ्यावा. थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील.

वेळ कोणती लावावी? त्यासाठी मशिदीतला नमाजच्या वेळांचा तक्ता पुरेसा आहे. परभणीत डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, जुलैच्या सुरुवातीला सात वाजून गेल्यावर. फरक सव्वा तासाहून जास्त. तेव्हा दर पंधरा दिवसांनी मगरिबची वेळ पाहून टायमर सरकवावा. सोडियम दिव्याला पूर्ण उजेड द्यायला चार-पाच मिनिटे लागतात, हेही धरावे. तारखेवरून सूर्यास्त काढणारे डिजिटल टायमरही मिळतात, त्यांना हा त्रास नाही.

वीज जाऊन लगेच आली तरी गरम दिवा तत्काळ पेटत नाही. सोडियमला मिनिटभर किंवा थोडे अधिक, मेटल हॅलाइडला दहा मिनिटेही लागू शकतात. गल्ल्यापाशी तेवढ्यापुरता एक साधा दिवा इन्व्हर्टरवर ठेवावा. एखादाच सोडियम दिवा सारखा लागत-विझत असेल तर टायमरला दोष देऊ नये; बहुधा त्या दिव्याचे आयुष्य संपलेले असते.

आता बरेच जण एलईडी घेतात. वीज वाचते आणि उजेड लगेच पडतो, पण त्यांचे ड्रायव्हरही सुरू होताना झटका देतात, म्हणून जुना कॉन्टॅक्टर भंगारात देऊ नये. जिनिंगच्या आवारात मेटल हॅलाइड राहणार असेल तर बंद काचेच्या पेटीतच, आणि कापसाच्या गंजीपासून दूर. हा दिवा फुटला तर तापलेले तुकडे खाली पडतात.